दुसरं रीळ

४ डिसेंबर
शहागंजातून कादरभाईचा फोन. जुन्या सामानाचं दुकान त्याचं. "मास्टर, एका बंगल्यातून डबा आलाय. आठ मिलिमीटरची रिळं. तुमचे मुके सिनेमे असतील." जेवण अर्ध्यात टाकून गेलो. सहा रिळं. चार लग्नाची, एक कोरं. सहाव्याच्या डब्यावरचं चित्र बघितलं अन् तिथंच स्टुलावर बसलो. पाववाल्याच्या कुत्र्याचा सिनेमा, भाग दुसरा.
पहिला भाग आपल्याकडं अकरा वर्षांपासून. कुत्रं आगगाडीत चढतं, गाडी सुटते, रीळ संपतं. शालू दर वेळी विचारते, "आलं का हो ते परत?"

५ डिसें.
डबा उघडला तर आंबूस वास. फिल्म कुजायला लागलीय. शेवटी शेवटी तर वेटोळी एकमेकांना चिकटलेली. बाकीच्या रिळांना लागू नये म्हणून बाल्कनीत ठेवलं. शालू म्हणाली, "लोणचं नासलं का काय कुठं?"
मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: कुत्र्याचा दुसरा भाग मिळाला. नाकाला मोबाइल लावून वाचलं तिनं. दिवाळीत हातभर लांबून वाचत होती.

९ डिसें.
डोळ्यांचा दवाखाना. साखरेनं पडदे खराब केले. उजवा गेल्यात जमा. डाव्याचं ऑपरेशन, पण खात्री नाही म्हणाले. शालू माझ्या तोंडाकडं बघत बसलेली. रिक्षात मोबाइल काढला तर हात धरला माझा. "नका लिहू. कळलं मला."
कान गेले तेव्हाही रडली नव्हती. मेंदूज्वर उतरला अन् ऐकू येणंच बंद. मी वाळूजहून शिफ्ट करून यायचो तर ही टीव्ही बंद करून बसलेली. "नुसती तोंडं हलवत्यात सगळी." मग जुन्या बाजारात हा प्रोजेक्टर मिळाला, सोबत एक मुकं रीळ. त्यात तिला काहीच कमी पडत नव्हतं. माझ्याआधी हसली. तेव्हापासून हा नाद. लोक म्हणतात मास्टरला छंद आहे. असू दे.

१४ डिसें.
चार दिवस फिल्म सोडवतोय, पुसतोय, जोडतोय. टूलरूममधली सवय कामाला आली. ऑपरेशनच्या आधी दाखवायचंच. नंतर काय

१७ डिसें.
दुपारी खिडकीला चादर लावली. तिची खुर्ची भिंतीपासून दोन हातांवर. कुत्रं एकेका स्टेशनात उतरतंय, वास घेतंय, परत चढतंय. शालू हसत होती. मीपण हसलो. लई दिवसांनी.
मग एक जोड तुटला. भिंत नुसती पांढरी. मशीन बंद करायला वळलो, तर ही हसतेच आहे. पांढऱ्या भिंतीकडं बघून.
मशीन बंद केलं. तरी थोडा वेळ हसू तसंच. मग हळूहळू गेलं.
म्हणाली, "संपलं व्हय?" मग, "तुम्ही इतकं मरमर करून जोडलं. म्हटलं..."
चादर काढून घडी करत बसलो. एकच चादर, चारदा.

२२ डिसें.
ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी. पडदा नीट बसावा म्हणून पालथंच झोपून राहायचं. उजव्यानं दिसत नाही, त्यामुळं मोबाइल आता उपयोगाचा नाही. तिच्या तळहातावर बोटानं लिहिलं: पाणी. ती म्हणाली, "पाने?" परत लिहिलं, सावकाश. मग मान हलवली.

२५ डिसें.
काल घरी आणलं. आज सकाळी पालथं पडूनच म्हणाली, "पुढं काय झालं त्या कुत्र्याचं?"
तुटलेला जोड परत चिकटवून रीळ लावलं. एकट्यानं पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत तिच्याशिवाय भिंतीवर एक फूट बघितलेलं नाही.
शेवट नाहीच. प्लॅटफॉर्म दिसतो, पाववाला वाकून हात पुढं करतो, अन् मग नुसते डाग, बुडबुडे.
'आलं' लिहायला काय जात होतं. तिला कुठं कळणार होतं. हे मनात आलं त्याचीच लाज वाटली. तळहातावर लिहिलं: शेवट गेलाय.
मग, "पाववाला तरी होता का स्टेशनात?"
होता, लिहिलं.
"बरं." मग जरा वेळानं, "अन् माझ्या डोळ्याचं काय म्हणत्यात?"
गुरुवारी पट्टी काढणार, लिहिलं. एका दमात बरोबर वाचलं तिनं. पण हात मागं घेतला नाही. पुढचं लिहीन म्हणून तसाच उघडा ठेवला.