हिरव्या मालाचा अंदाज

मामाजी, आज दलाल नमुन्याची पेटी घेऊन दुकानात आला, यंदा हिरवा माल किती धरू म्हणून विचारू लागला, आणि तुम्ही आठवलात. तुम्ही होतात तेव्हाही खामगावच्या आपल्या दुकानात बांगड्या फिरोजाबादहूनच यायच्या. दिवाळीला मागवल्या तर लग्नसराईला हाती लागत; मधेच कमी पडल्या तर नवा माल येईपर्यंत लग्नं उरकलेली असत. नवं मराठी राज्य झालं त्या सुमारास आधल्या वर्षीच्या पेट्या पडून राहिल्या होत्या, म्हणून तुम्ही निम्माच माल मागवायला निघालात. मी बायकांना बांगड्या भरता भरता त्यांचं ऐकत असे. कापूस चांगला विकला होता, घरोघरी पोरी दाखवणं चाललं होतं. मी म्हटलं, "मामाजी, यंदा लगनं लई हायेत. पेट्या वाढवा." तुम्ही हसलात. "बायकायच्या गप्पायवर धंदा करू काय वं? तू हात भर, डोकं मी चालवतो."

फाल्गुनातच फळ्या रिकाम्या झाल्या, आणि त्याच आठवड्यात तुमचा मुलगा तापाने गेला, मी विधवा झाले. अजून दिसतं मला. मी भिंतीला टेकून बसले आहे, हातात त्यांनी संक्रांतीला स्वतः भरलेला कोरा हिरवा चुडा आहे, शेजारची आजी दगड उचलते आहे. तुम्ही मयताजवळून उठून येता.

"फोडू नका. साबन लावा."

"अरे बापू, रीत हाये."

"रीत हाये, पण दुकानात माल नाही."

बांगड्या अखंड उतरल्या. तेरवीनंतर दुकान उघडलं, आणि डोणगावच्या एका नवरीच्या हातात तुम्ही त्या भरताना मी पडद्याआडून पाहिलं. तिची आई म्हणत होती, "नशीबवान हाये माही पोर, शेवटचा चुडा भेटला." तुम्ही पैसे कपाळाला लावलेत.

पुढच्या दिवाळीला पडद्याशी येऊन विचारलंत, "सुनबाई, यंदा किती मांगाव?" नवरीसमोर विधवा नको म्हणून मला दुकानात बंदी होती, पण तुम्ही मरेपर्यंत अंदाज माझाच चालला. गिऱ्हाइकांना तुम्ही तो आपला म्हणून सांगत होतात. माल गुंडाळून येई त्या कागदांवर मी आतल्या खोलीत वाचायला शिकले.

दलालाला मी आकडा सांगितला आहे. तुम्हाला लिहिलेला हा कागद चुलीत जाईल. त्यांनी भरलेली काच माझ्यासमोर फुटली नाही, याचं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. ते तुम्हाला कळू द्यायचं नाही.