रिकाम्या मैदानावर चौऱ्याहत्तर नंबर

प्रिय आई,

अलाबामाहून तुझ्या वेंडेलचं खूप खूप प्रेम. मी ठीक आहे, गुडघाही ठीक आहे. तुझी कंबर कशी आहे? नाताळातही दवाखान्यात डबल ड्यूटी केलीस ना?

काल आमचा बाऊल सामना झाला, कॉलेज फुटबॉलच्या मोसमाअखेरचा तो मानाचा. आम्ही हरलो, पण चार वर्षं बाकावर बसलेला तुझा मुलगा अख्खा सामना खेळला! पुढे व्यावसायिक संघात जायचंय, आता दुखापत नको, म्हणून आमचे दोन मोठे खेळाडू आलेच नाहीत. तिसरा दुसऱ्या कॉलेजात गेला. सहायक प्रशिक्षक म्हणाले, "वेंडेल, आता तूच उरलास."

बाबांच्या वेळी बाऊलला सगळं गाव गाड्या काढून जायचं. काल वरच्या रांगेतल्या बाईचा खोकला मला मैदानात ऐकू येत होता.

सामना संपताच पोरं बसकडे पळाली. मी खांद्यांचे पॅड न काढता गवतावर बसून राहिलो. हा माझा शेवटचाच सामना; एकदा उतरवले की ते पुन्हा घालायचे नव्हते.

झाडू घेऊन एक म्हातारा आला. "काय रे, लागलंय कुठे?"

"नाही, काका."

"मग ऊठ, फाटक लावायचंय." तो दोन पावलं गेला आणि वळला. "चौऱ्याहत्तर नंबर ना तू? त्या धिप्पाड पोराला बरा अडवलास हं."

मी पॅडवर हात ठेवून तसाच बसून राहिलो. ते बघून तो म्हणाला, "बस बस. मी आधी पलीकडची बाजू झाडून येतो."

पुढचं घरी आल्यावर बोलू.

तुझाच,
वेंडेल