न सुटलेली तार

आई, तू मला कॉलेजात असताना घेऊन दिलेला काळा लॅपटॉप अजून माझ्याकडे आहे. मध्यंतरी त्याचं वायफाय कार्ड मेलं. नवं आणून बसवलं तर गडी पुढे सरकेना. कंपनीने ठरवलेलंच कार्ड हवं, असा त्याच्या फर्मवेअरचा हट्ट. फर्मवेअर म्हणजे बटण दाबल्यावर लिनक्सच्याही, म्हणजे सगळा लॅपटॉप चालवणाऱ्या सिस्टिमच्याही, आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. आठ पायांच्या, नखाएवढ्या चिपमध्ये तो बसलेला असतो. म्हटलं, हा हट्टी काढून टाकू आणि जगभरच्या लोकांनी सगळ्यांसाठी खुलं लिहून ठेवलंय ते फर्मवेअर मूळ कोडमधून स्वतः कंपाइल करून, म्हणजे मशीनला कळेल असं घडवून, घालू. दादा म्हणाला, "नवा घे ना यार, कशाला डोकं खातेस त्याचं?" त्याला काय सांगणार.

भांडुपच्या आपल्याच स्वयंपाकघरात, ओट्यावर सगळा संसार मांडला. हे प्रकरण असं आहे की फर्मवेअर कंपाइल करायला आधी कंपायलरच कंपाइल करावा लागतो, म्हणजे भाताआधी चूल घडवायची. दुपारभर पंखा घरघरत राहिला, पण फाइल तयार झाली. आता चिपवर चिमट्यासारखी क्लिप लावून आतलं जुनं वाचून घ्यायचं. तेही तीनदा, आणि तिन्ही वेळा अक्षर न् अक्षर जुळलं तरच नवं लिहायचं, नाहीतर लॅपटॉपची वाट लागते. माझी तिन्ही वाचनं तीन प्रकारची. मी पडले कोडवाली, मला चूक कोडमध्येच दिसते. वाचणारा प्रोग्राम नव्याने बांधला, मग कंपायलर पुन्हा बांधला, दोन रविवार घालवले. शेवटी दादा म्हणाला, "तुझ्या वहिनीला विचार की. आईच्या हाताखालची आहे ती."

तेच तर मला विचारायचं नव्हतं. मला वहिनीचा हेवा वाटतो, आई. आजचा नाही, तू तिला तुझ्या अंधेरीच्या, सर्किट बोर्ड जोडायच्या कंपनीत घेऊन गेलीस तेव्हापासूनचा. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं आणि लाईनवर तुझ्या शेजारच्या स्टुलावर ती बसायला लागली. तिला तू सोल्डरिंग, म्हणजे वितळत्या धातूने तारा जोडणं, शिकवलंस. मी एकदा घरात सोल्डरिंगची गन नुसती उचलली तर तू हातावर फटका मारलास. "अगो, ठेव ती! तू पुस्तकात डोकं घाल. हे तुझं काम नाय." माझ्या भल्यासाठी म्हणालीस, कळतं मला. पण दिवसाचे आठ तास तू तिच्या वाट्याला आलीस आणि मला मिळालीस ती संध्याकाळची, दमलेली. तेव्हाही तुम्ही दोघी लाईनवरच्याच गोष्टी काढून खिदळत असायचात. एकदा तुझा बोर्ड चेकरने परत पाठवला होता, त्या दिवशी तू जेवली नाहीस. "वायट असता तर गप बसले असते. चांगल्या जॉइंटला खोटा म्हणतो मेला!" मी म्हटलं, मग दुसरा लाव ना. तुम्ही दोघींनी माझ्याकडे असं पाहिलंत, जसं पाहुण्यांच्या पोरीकडे बघतात. मी आठवीत होते, अजून विसरले नाही. तू गेल्यावर तुझा बारीक टोकाचा चिमटा वहिनीकडे गेला. कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

गेल्या रविवारी ती आली. चिमटा रुमालात गुंडाळून आणलेला, सोबत सोल्डरिंगची गन. चिपकडे वाकून बघितलं आणि हसली.

"कोड कसला बघत बसलीस गं? क्लिपचा एक दात टेकतच नाहीये. थांब, पायांना ताराच सोल्डर करून देते."

आणि मग तिने बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, वरून रबर बँड चढवला, मनगट ओट्याच्या कडेला टेकवलं. आई, तू पेडवे माशांचे बारीक काटे काढून मला भरवायचीस तेव्हा अगदी अशाच बांगड्या वर चढवायचीस. मला वाटायचं, ते फक्त माझ्यासाठी आहे. वहिनी म्हणाली, "आईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, बांगडी हलली की हात हलतो." म्हणजे माझ्या ताटाशी तू जे करायचीस ते लाईनवरचं होतं, आणि ते तिला रोज दिसत होतं. आठ पाय, आठ तारा, एकही बांगडी हलली नाही. तिन्ही वाचनं तंतोतंत जुळली. मी धड थँक्यूही म्हटलं नाही, चहा ठेवला.

ती गेल्यावर मी नवं फर्मवेअर लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर आधी ससा, मग लिनक्स. हो, ससा. कंपाइल करताना तिथे आपल्याला हवं ते चित्र घालता येतं, मी घातला होता. नवं कार्डही झकास चाललं. मी वहिनीला फोन लावला.

"झालं का गं?"

"नाही. तुझी एक तार सुटली."

पलीकडे तिने टीव्ही बंद केला.

"माझी? सुटायला नको होती. बरं, येते रविवारी. परत लावू."

तिला बांगड्या वर चढवताना मला पुन्हा एकदा बघायचं आहे, बाकी काही नाही. पण मी चांगल्या जॉइंटला खोटं म्हटलं, आई, आणि तेही तिच्या. हे पत्र मी त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे. आठही तारा जागच्या जागी आहेत. रविवारी ती यायच्या आत त्यातली एक मलाच काढावी लागेल, आणि ती कशी काढायची ते मला कुणी शिकवलेलं नाही.