मालकांचं ताट

आई, तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. शब्द मात्र लगेच येतात. शिरोळकडचं तुझं बोलणं कोल्हापुरात, राजारामपुरीत वीस वर्षं राहूनही सुटलं नव्हतं. बाईमाणूस असून ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायचीस आणि खानावळीतली कॉलेजची पोरं हसायची. आज सकाळपासून मला वरच्या मजल्यावरचे मालक आठवताहेत. म्हणजे खरं तर तूच आठवते आहेस.

बाबा गेल्यावर तू पुढच्या दोन खोल्यांत खानावळ काढलीस तेव्हा सगळ्यांत मोठा विरोध त्यांचाच होता. घर त्यांचं, आपण भाडेकरू. भर रस्त्यात उभं राहून ते ओरडले होते, “माझ्या घराचं हाटेल करायचं न्हाय! पोरगीला घिऊन दुसरीकडं जागा बघा.” त्यांच्या बायकोनं मध्ये पडून ते भांडण मिटवलं. आपण राहिलो, पण पुढं कितीतरी वर्षं जिन्यात समोर आलो की ते तोंड फिरवायचे.

मग ती माऊली गेली. सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. मी बी. ए. होऊन घरी होते, नोकरी मिळेपर्यंत तुझ्याबरोबर चपात्या लाटत होते. मालकांची मुलं पुण्याला. बाप कुणाकडं जायला तयार नाही. दिवस झाले, मुलं परत गेली आणि दोन-तीन महिन्यांत मालकांचा सदरा त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. एके दिवशी सकाळी ते जिन्यातच चक्कर येऊन बसले. तू हातातलं पीठ तसंच ठेवून धावलीस. रिक्षात घालून आपण दोघींनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, “जेवता काय?” मालक म्हणाले, “चहा आन् बेकरीतलं कडक बटर. तुमीच सांगितलंसा न्हवं, बीपी हाय म्हणून?” डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाले, “अहो, मी मीठ कमी करा म्हणालो होतो. जेवण नाही!”

त्याच दुपारी तू वर ताट पाठवलंस. गुरगुट्या भात, त्यावर फिकं वरण. ते घेऊन मीच गेले आणि तसंच परत घेऊन आले. “तुझ्या आईला सांग,” ते म्हणाले होते, “आजाऱ्याचं खाणं पाठवू नको. मी अजून जिता हाय.” मला राग आला. मी तुला म्हटलं, “आई, ज्यानं आपल्याला घराबाहेर काढायची भाषा केली त्याला वाढायचं कशाला?” तू चुलीवरची आमटी ढवळत होतीस. “भांडण त्याच्यासंगं हुतं,” म्हणालीस. “त्याच्या पोटासंगं न्हवतं.” मग जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, “चुकलंच माझं. माणसाला काय आवडतं ते न इचारता वाढलं.”

दुसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर तू दोन ताटं वाढून घेतलीस आणि मला सोबत चल म्हणालीस. मला आजही ती खोली दिसते. खिडकी बंद, पलंगावर वर्तमानपत्रं, आणि मालक भिंतीकडं तोंड करून बसलेले. तू जमिनीवर फतकल मारलीस, एक ताट त्यांच्यापुढं ठेवलंस आणि दुसऱ्यातलं स्वतः खायला लागलीस.

“हे काय?” मालक.

“खाली लय गलका हाय. मी हितं बसून जेवतो.”

“मला भूक न्हाय.”

“मी कुठं तुमाला खावा म्हटलं?”

ते ओशाळले, मग नाइलाजानं ताटाकडं वळले. त्यांनी भाकरीचा तुकडा तांबड्या रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि गालात धरून बसले. चावता येत नव्हतं. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी तो हळूच मुठीत काढून घेतला. मी बघत राहिले. तू मात्र मान खाली घालून जेवत होतीस, जणू काही झालंच नाही. जिना उतरताना मला म्हणालीस, “दाढा न्हाईत त्यांना. चारचौघांत खायची लाज वाटती. म्हणून चहात बटर बुडवत्यात.”

तिथून तुझा स्वयंपाक बदलला. मटणाच्या फोडीऐवजी खिमा. भाकरी पांढऱ्या रश्श्यात आधीच कुस्करून, वर तुपाची धार. हुलग्याचं माडगं, मऊ शिजवलेली उसळ, अंड्याची पातळ पोळी, दुपारी ताक. मीठ कमी घालायचीस, पण आलं, लसूण, लिंबू यांत हात आखडायचा नाहीस. “फिकं केलं की माणूस आजारी पडल्यावानी वाटून घेतंय,” म्हणायचीस. रोज वर जायचीस, रोज त्यांच्याबरोबर जेवायचीस. हळूहळू खोलीची खिडकी उघडी राहायला लागली. कवळी बसवायचा विषय तूच काढलास तेव्हा मालक भडकले. “आता कवळी? सरणावर मिरवायला व्हय?” तू शांतपणे म्हणालीस, “सरणावर जाताना काढून ठिवा. तवर खावा की!” बायको गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले. मोठ्यांदा, बोळक्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढच्याच आठवड्यात ते दाताच्या डॉक्टरकडं गेले.

कवळी तोंडात रुळली तसे ते स्वतःच खाली यायला लागले. पोरांची गर्दी व्हायच्या आधीची वेळ तू त्यांच्यासाठी ठेवलीस. बसून नुसतं खाणं त्यांना पटेना, म्हणून सकाळी ओट्यावर बसून मेथी निवडायचे, शेंगा सोलायचे. मग एके दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या एका रिटायर मास्तरांना हाताला धरून घेऊन आले. “ह्यो बी चहावर जगतोय,” म्हणाले. “वाढ ह्याला.” नंतर कोपऱ्यावरची एक एकटी म्हातारी आली, तिची बहीण आली. ज्या घराचं हॉटेल करायचं नव्हतं, त्याच घराच्या पुढच्या खोलीत मालक दारात उभे राहून, “या, बसा, गरम हाय तवर खावा,” म्हणत होते. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, चालते-फिरते. गेले तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलानं तुझे पाय धरले. “जेवून जावा,” एवढंच म्हणालीस.

आई, मी तेव्हा तुझं मोठेपण बघत होते, पण त्यामागचे कष्ट मला कळले नाहीत. आता कळतात. ह्यांना, तुझ्या जावयांना, आता ऐंशी वर्षं पूर्ण झाली. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर ह्यांची जेवणावरची वासना गेली आहे. डॉक्टरांचं ऐकून, तुझं आठवून, मी सगळं करून बघते. कधी दोन घास जास्त जातात आणि माझा दिवस सोन्याचा होतो. कधी काहीच जात नाही. मग तू त्या जिन्यावरून इतके महिने हसतमुखानं वर-खाली कसं केलंस, याचं नवल वाटत राहतं. शंभर माणसांचा स्वयंपाक उरकून वर त्या एका माणसाची मर्जी सांभाळायची, आणि कपाळाला आठी नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. मुलीला फोनवर मी सांगते की सगळं छान चाललंय. तुला सांगते, आई, मी फार दमते गं.