काजऱ्यावरची गुळवेल

पोलादपूर, ता. ८ जानेवारी २००३

चि. अनुपमा हीस कुशाकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याला येणाऱ्या माणसाबरोबर एक डबा पाठवला आहे. आपल्या बयाबाईच्या महिला गटाचं गुळवेलीचं चूर्ण. शिवथर खोऱ्यात आणि आमच्याकडे मिळून एकतीस घरांत ते रोज चमचाभर घेतात, आणि १६ फेब्रुवारीला महाडात माझ्या भाषणानं विक्री सुरू व्हायची आहे. त्याआधी तुझ्या प्रयोगशाळेचा कागद हवा.

अट एकच. मिथेनॉल, क्लोरोफॉर्म यात ओतायचं नाही. ज्या द्रावकांची पिंपं कंपन्यांकडून ओढ्यात रिकामी होतात म्हणून मी वीस वर्षं घसा कोरडा केला, त्यांनीच माझ्या वेलीची परीक्षा घ्यावी? शिवाय माणसाच्या पोटात मिथेनॉल नसतं. पाण्यात जे उतरेल तेच पोटात उतरेल. तेवढंच शोध.

गटाच्या सभेत सोनाबाई उठून म्हणाली, काजऱ्यावरची गुळवेल घ्यायची नाय, आमच्यात कोन घेत नाय. मी विचारलं, वेल काय झाडाची जात लावून घेते? सगळे हसले. म्हातारी खाली बसली. काजऱ्याच्या झाडाला कोणी कोयता लावत नाही म्हणून त्याच्यावरच वेल मनगटाएवढी होते, ती का सोडायची?

तुझ्या काकूच्या पिंढऱ्या हल्ली ओढतात. चूर्ण घेते, तरी. चढ फार चढते, दुसरं काय.

तुझा पाण्यावर विश्वास ठेवणारा,
कुशाकाका


पुणे, ता. २१ जानेवारी २००३

ती. कुशाकाकांस सा. न. वि. वि.

सकाळी तुमच्या शेजारच्या जलीलचाचांच्या दुकानात फोन करून काकूंनी चूर्ण ताबडतोब थांबवावं असा निरोप ठेवला. तो पोचला असेलच. कारण सविस्तर लिहिते.

तुमची अट मला सोयीचीच होती, कारण दोन वर्षं मी तेच काम करते आहे. पूर्वी अशा एका नमुन्याला अर्धा लिटर मिथेनॉल जायचं. आता आम्ही चिमूटभर चूर्ण पाण्यात घालतो, त्यात किंचित लिंबाचं आम्ल, आणि शिटी न सोडणाऱ्या कुकरसारख्या पोलादी भांड्यात वीस मिनिटं तापवतो. दाबामुळे पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही, आणि वनस्पतीतलं बरंच काही पाण्यात उतरतं. उरलेलं पाणी निर्धोक करायलाही फार खटाटोप पडत नाही.

गुळवेलीतली द्रव्यं मिळाली. पण त्यांच्या शेजारी कुचल्याचं विषही मिळालं, म्हणजे आपल्या काजऱ्याचं. मी तीनदा पाहिलं. प्रमाण थोडं आहे, एका चमच्यानं जीव जाणार नाही. पण रोज घेणाऱ्या वयस्कर माणसाचे स्नायू आखडतात. काकूंच्या पिंढऱ्या चढानं ओढत नाहीत. इतर तीस घरांनाही आजच थांबवा.

काळजीत असलेली,
अनुपमा


पोलादपूर, ता. २८ जानेवारी २००३

चि. अनुपमास आशीर्वाद.

काकूनं बंद केलं. इतर घरांना मी अजून सांगितलेलं नाही. बाकीच्यांना मात्र काही झालेलं नाही.

तू रागावशील, पण मला हे पटत नाही. माळ्यावरची सगळी वनस्पतिशास्त्राची पुस्तकं काढून बसलो. गुळवेल दुसऱ्या झाडाचा रस पीत नाही, नुसता आधार घेते. मग काजऱ्याचं विष तिच्यात जाईल कुठून? तुझी रीत नवी आहे, चुकत असेल. जुन्या रीतीनं एकदा कर. मिथेनॉल लागलं तरी चालेल.

हे वाक्य लिहिताना हात थांबला. पण लिहिलं.

काजऱ्यावरच्या वेलीचा एक तुकडा सोबत आहे. मी स्वतः सोलून, धुऊन दिला आहे. बायका मात्र सोलत नाहीत. कोयत्यानं खोडावरून खरवडून ओढतात, वाळवतात आणि कांडतात.

उत्तराची वाट पाहणारा,
कुशाकाका


पुणे, ता. ७ फेब्रुवारी २००३

ती. कुशाकाकांस सा. न. वि. वि.

तुमच्या शब्दाखातर जुन्या रीतीनंही केलं. वापरलेलं मिथेनॉल परत गाळून ठेवलं, सांडलं नाही. दोन्ही रीतींचे आकडे जवळजवळ सारखे आले. आमचे सर खूश झाले, कारण पाण्याची रीत खरी ठरली. मला खूश होता आलं नाही.

तुमच्या सोललेल्या तुकड्यात विष नाही. म्हणजे पुस्तकांबाबत तुमचं बरोबर होतं, वेल झाडाचं काही घेत नाही. पण बायका खोडावरून वेल खरवडतात तेव्हा काजऱ्याची साल तिला चिकटून येते, आणि तीही कांडली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली सालीचे कण दिसले. चूक कुठे झाली ते तुम्हीच मागच्या पत्राच्या शेवटी लिहून पाठवलं होतं.

काका, पाण्यात जे उतरेल तेच पोटात उतरेल, हे तुमचंच म्हणणं. ते पाण्यात उतरलं आहे.

फोनवर तुम्ही उद्या पाहू म्हणालात. या रविवारपर्यंत घरांना सांगितलं नाहीत, तर मी येऊन दारोदार सांगेन. तुमच्याविरुद्ध बोलावं लागेल. ते मला जमणार नाही असं समजू नका, मी तुमचीच भाषणं ऐकत वाढले.

या पत्रानंतरही लोभ राहो एवढंच मागणारी,
अनुपमा


पोलादपूर, ता. १८ फेब्रुवारी २००३

चि. अनुपमास कुशाकाकाचे आशीर्वाद.

तुला यावं लागलं नाही. शनिवारीच घरोघर सांगायला निघालो. महाडची विक्री रद्द केली. सभा झाली, पण मी पाच मिनिटंच बोललो, आणि काय घडलं तेवढंच सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत, बरं झालं.

त्याआधी सोनाबाईकडे गेलो. चुकलो म्हणालो. ती म्हणाली, कारन मला तरी कुठं ठावं हुतं, सासूनं नको म्हनून सांगितलं, म्हनून नको. मग म्हणाली, पन तू इचारलं असतंस तर आपन दोघांनी मिळून शोधलं असतं. मी विचारलंच नव्हतं. अंधश्रद्धा दिसली की माझी जीभ सुटते. त्या नादात तिच्यामागे काही पाहिलेलं, भोगलेलं असेल, याचा शोध घ्यायचं राहून जातं.

तीस डबे परत आले. एकतिसावा शिवथरच्या भागोजीकडे आहे. त्याची मान आखडते, तरी तो डबा देत नाही. आता मला कंपनीवाल्यांनी फोडलं, असं तोंडावर म्हणाला. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यानं उत्तरादाखल माझं गटाच्या सभेतलं भाषण सुरू केलं, पहिल्या वाक्यापासून, वेल काय झाडाची जात लावून घेते इथपर्यंत. एक शब्द चुकला नाही. इतकं चांगलं मीही बोललो नव्हतो. अंगणात तासभर बसून परत आलो.

उद्या पुन्हा जातो आहे. या वेळी सोनाबाईला पुढे घालणार. ती बोलेल, मी तिच्या मागे गप्प उभा राहीन.

तुझ्यावरचा लोभ वाढला आहे, हे तुझ्या काकूनंही लिहायला सांगितलं आहे.

कुशाकाका