पंच्याखालचा सौदा

अण्णा, आज घरात कॉलेजवरून वाजलं आणि तुमचा पंचा कपाटातून बाहेर काढावा लागला. तुमच्या नातीची दहावी झाली. तुम्ही तिला पाहिलंच नाही म्हणून सांगते, कपाळ तुमचं घेतलंय आणि हट्टही तुमचाच. तिच्या शाळेतली जवळजवळ सगळी मुलं इथल्या एकाच कॉलेजात निघाली आहेत, आणि हिला नेमकं तिथेच जायचं नाही. का, ते सांगत नाही. तिच्या बाबांनी तीनदा विचारलं, ती तीनदा गप्प. शेवटी मी पंचा आणला, माझ्या हातावर टाकला आणि म्हटलं, "आण हात. एक बोट म्हणजे जवळचं, दोन म्हणजे लांबचं." तिनं पंच्याचं टोक चिमटीत उचललं. "आई, हे काय आहे? मी अर्ज मोबाइलवर कधीच भरून टाकलाय." मी पंच्याची घडी घातली. कितीही धुतला तरी त्याला कांद्याचा वास येतो. निदान मला तरी येतो.

हिला ही बोटांची भाषा ठाऊक असायचं कारणच नाही. मी सुट्टीत तुमच्याबरोबर मार्केट यार्डातल्या आपल्या गाळ्यावर यायचे तेव्हा लिलाव उघड बोलीनं होऊ लागले होते, पण जुन्या व्यापाऱ्यांना तोंडानं भाव बोलणं म्हणजे चारचौघांत कपडे बदलल्यासारखं वाटायचं. ते मुकाट हात पुढे करायचे, तुम्ही खांद्यावरचा पंचा दोघांच्या हातांवर टाकायचात आणि आत बोटं बोटांशी बोलायची. वरून चेहरे असे, की जणू दोघेही बसची वाट बघताहेत. मला कांद्याच्या गोणीवर बसवून तुम्ही ते शिकवलंत, कुठलं बोट धरलं की किती, नाही म्हणायचं असेल तर हात कसा सैल सोडायचा. आणि एक नियम सांगितलात. पंच्याखाली झालेलं बाहेर बोलायचं नाही. "बोललीस की पत गेली," तुम्ही म्हणालात. मी तेव्हा तिसरीत असेन. पत म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं, पण ती पोटात कुठेतरी असावी असं वाटलं होतं.

माझी पत पाचवीच्या सहलीत गेली. घाटात मला मळमळायला लागलं. खिडकी अडकली होती, उघडेना. शेजारी मुख्याध्यापिका बाई डोळे मिटून बसलेल्या आणि त्यांची पर्स मांडीवर उघडी. पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण नवी पर्स घेऊन तुम्हीच शाळेत गेला होतात आणि जुनीचं काय करू, असं बाईंनाच विचारून आला होतात. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीनं, आपल्या शिलाईवाल्या चाचांच्या लेकीनं, मला पर्स म्हणून हाक मारली. दुपारच्या सुट्टीपर्यंत वर्गाला माझं खरं नाव आठवेनासं झालं. मुली लाडानं म्हणायच्या, मुलं ओरडून म्हणायची. आठवीत मी शर्यतीत मागे पडले तेव्हा कवायतीचे सरसुद्धा मैदानाच्या कडेनं ओरडले, "पर्स, पळ!"

म्हणून दहावीनंतर मला असं कॉलेज हवं होतं, जिथे मला माझ्या नावानं हाक मारतील. एवढंच. शास्त्र, वाणिज्य, प्राध्यापक, निकाल यांच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. आपल्या हडपसरातल्या कॉलेजात सगळा वर्ग जाणार होता. पुण्यात डेक्कनजवळच्या एका कॉलेजात आमच्या शाळेतलं कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. ते मला काशीसारखं पवित्र वाटत होतं.

ती संध्याकाळ मला अजून स्वच्छ दिसते. आई पाट्याशी बसून चटणी वाटतेय, तुम्ही भिंतीला टेकून पाय पसरलेत. आई म्हणते, "हितंच घाला. शाळंतल्या समद्या पोरी हितंच चालल्यात, एकमेकीला सोबत हाय. आपल्याला घोर न्हाई." तुम्ही माझ्याकडे बघता. मी काय बोलणार? मला त्याच सोबतीपासून पळायचंय असं म्हटलं, तर आई कारण विचारणार, मग घाट, खिडकी, पर्स सगळं पहिल्यापासून निघणार आणि आई पुन्हा हसणार. दरवेळी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. मी मान खाली घातली. तेव्हा आई पाट्यावर वाकून जोरात वाटत असताना तुम्ही खांद्यावरचा पंचा हळूच काढलात. "आण हात," तुम्ही पुटपुटलात. "एक म्हंजी हडपसर, दोन म्हंजी पुणं."

मी तुमची दोन बोटं अशी आवळली की तुमची अंगठी मला रुतली. तुम्ही व्यापारीच, लगेच सौदा कसा मान्य कराल? एक बोट सोडवून पुढे केलंत. मी हात सैल सोडला. तुम्ही पुन्हा तेच बोट दिलंत, मी पुन्हा सैल. मग दोन आली, मी धरली, आणि तुम्ही झटक्यात पंचा ओढून घेतलात. "ठरलं माझं," तुम्ही आईला म्हणालात. "पोरगी पुण्यात जाईल."

"पोरीला इचारलंत का?" आईनं वरवंटा थांबवला.

"तिला काय इचारायचं? लहान हाय ती."

आई पेटलीच. बायकामाणसाला कुणी विचारत नाही, तुमच्या घरी पहिल्यापासून हेच, माझ्या लग्नात मला तरी कुणी विचारलं होतं, अशी ती माझ्या बाजूनं इतकी भांडली की माझं कॉलेज हातचं जातंय असं वाटलं. तुम्ही खाली बघत हूं हूं करत राहिलात. त्या दिवसापासून आई मला साय घालून दूध द्यायला लागली. "बापानं मैत्रिणी तोडल्या गं तुझ्या," म्हणत पाठीवरून हात फिरवायची. मी उदास तोंड करून दूध प्यायचे. साय मला खरंच आवडायची, त्यामुळे उदास राहणं अवघड जात होतं.

चूक पुढे झाली आणि ती तुमच्या धंद्यातल्या माणसाकडूनच होऊ शकत होती. सौदा माझा होता, पण नियमाप्रमाणे तुम्ही तो तुमचा म्हणून जाहीर केलात. मग लोक कारणं तुम्हालाच विचारू लागले. सलूनमध्ये, देवळापुढच्या पारावर, गाळ्यावर. "अण्णा, दाराशी कॉलेज असताना पोरगी एवढ्या लांब का?" तुमच्यापाशी एकही कारण नव्हतं. म्हणून एका सकाळी गाळा हमालांवर सोडून तुम्ही कारण शोधायला त्या कॉलेजात गेलात. ऑफिसात गेला नाहीत. वरची गोणी सगळ्यांचीच चांगली असते, मधली फोडून बघायची, हा तुमचा शिरस्ता. तुम्ही थेट मागच्या बाजूच्या कॅन्टीनमध्ये गेलात, भजी मागवलीत, एक भजं मधोमध मोडलंत आणि आतला कांदा निरखलात. दुपारी सलूनच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला साबण असताना, तुम्ही सांगत होतात, "भज्याला कांदा कुणी बी सडकाच वापरतो, तळल्यावर कळत न्हाई. ह्यांचा निवडून घेतलेला व्हता. ज्या कॉलेजात भज्याचा कांदा निवडत्यात, तिथं मास्तर काय बिननिवडीचे घेतले असतील?"

अण्णा, या बोलण्यात काही अर्थ होता का? पण हडपसरात कांद्यावर तुमचा शब्द शेवटचा होता. जे ऐकायचे ते विचारात पडून घरी जायचे. तुम्हाला वाटायचं, एकेकाचं समाधान करून वाटेला लावतोय. शिलाईवाले चाचा तर टेप गळ्यात तसाच ठेवून गाळ्यावर आले होते म्हणे. "अण्णा, तुमची मुलगी जातेय ना? मग आमचीपण जाऊ दे. दोघी एका बाकावर वाढल्यात." तुम्ही त्यांना चहा पाजलात.

मला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी नवा ड्रेस घालून, वेणीऐवजी पोनीटेल बांधून मी एकटी गाडीतळाच्या बसथांब्यावर आले. बस उभी होती. मी पाय वर ठेवणार तोच खिडकीतून ओळखीचा आवाज आला. "ए पर्स! ये लवकर, जागा धरलीये!" आत बघते तर शाळेतला निम्मा वर्ग. कंडक्टर सीटखाली वाकून विचारतोय, "कुणाची पर्स राहिली?" आणि सगळी बस हसतेय. पुलगेटचा स्टॉप येईपर्यंत बसला कळलं होतं, मधल्या सुट्टीपर्यंत कॉलेजला कळलं.

रात्री ताटावर मी तुमच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. "सगळ्यांना कशाला सांगितलंत? पंच्याखालचं बाहेर बोलायचं नसतं ना?"

"म्या कुठं बोललो?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात.

"मग त्या सगळ्या कशा आल्या?"

"लोक इचारत्यात, पोरगी लांब का. काय सांगू? माझ्या पोरीला तुमच्या पोरी नकोत, असं सांगू?"

मी ताटातली भाकरी चुरायला लागले. आई मात्र हातातली पळी तशीच धरून बघत होती. "म्हंजी? हिलाच जायचं व्हतं व्हय?" तुम्ही भाकरीचा तुकडा तोंडात घातलात. "आन म्या हिला साय घालून दूध पाजतेय!"

तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. "घ्या," म्हणालात, "गेली पत."

त्या कॉलेजात मी पाच वर्षं काढली आणि पाचही वर्षं पर्सच राहिले. ज्या दिवशी तुम्ही गेलात, त्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं, सगळे मला माझ्या नावानं हाका मारत होते, हे कुठंय, ते कुठंय विचारत होते, आणि मला एकही हाक ऐकू येत नव्हती. मग चाचांची लेक गर्दीतून आली, माझ्याशेजारी खाली बसली आणि कानाशी हळूच म्हणाली, "पर्स, पाणी पी." मी प्यायले.

तिचाच फोन आज संध्याकाळी आला होता. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात आहे. "तुझी कुठं ॲडमिशन घेतेय गं?" कॉलेजचं नाव कुणाला सांगणार नाही, असं लेकीला वचन दिलं होतं, म्हणून मी म्हटलं, "ठरायचंय अजून. लांबचं बघतोय. कॅन्टीन चांगलं आहे म्हणतात." हे शेवटचं वाक्य तोंडातून का गेलं, मला कळलं नाही. ती क्षणभर थांबली आणि हसायला लागली. "पर्स, म्हणजे तेच ना, आपलं?" आता तिच्या मुलीचाही अर्ज तिकडेच चाललाय.

आणि तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट. कॉलेजच्या त्या पहिल्या सकाळी गाडीतळावर पोहोचेपर्यंत मी दोनदा मागे वळून पाहिलं होतं. पुण्यात कुणापाशी उभं राहायचं, काय बोलायचं, आपलं बोलणं ऐकून कुणी हसलं तर कुणाकडे बघायचं, काहीच सुचत नव्हतं. परत फिरावं असंही मनात आलं होतं. खिडकीतून हाक आली तेव्हा मला आधी हायसं वाटलं, अण्णा. फार हायसं वाटलं. राग त्यानंतर आला, आणि तोही मी थोडा ओढूनच आणला होता.

हे बाहेर बोलायचं नाही, म्हणून हा कागद पंच्याच्या घडीत ठेवते. तुमची नात आतल्या खोलीत पहिल्या दिवशी कुठला ड्रेस घालायचा ते ठरवतेय. बसमध्ये तिच्यासाठी कुणीतरी जागा धरणार आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही.