पलंगावरची गिटार

अण्णा,

घरातल्या गिटारी मी काढून टाकल्या. काही विकल्या, काही देऊन टाकल्या. भिंतीला आता नुसते खिळे राहिलेत, आणि तुमचे जावई त्या खिळ्यांना बाजाराच्या पिशव्या अडकवायला लागलेत. ते खुशीत आहेत. लग्न झाल्यापासून त्यांचं एकच गाऱ्हाणं होतं, की या घरात आधी गिटारी आणि मग मी. मी हसून सोडून द्यायचे. पण असं गाऱ्हाणं माणसाच्या पोटात कुठून उगवतं, ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तेच पोटात घेऊन मी तुमच्या घरात वाढले. फरक इतकाच, की ते बोलून मोकळे होतात आणि मी कधी बोलले नाही.

कारण बोटांचं झालं. डाव्या हाताची पेरं सुजायला लागली, सकाळी मूठ वळेना. धाराशिवच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तारा दाबणं बंद करा. जिनं उभा जन्म आधी ऑर्केस्ट्रात आणि मग शिकवण्यांत तारा दाबूनच काढला, तिला हे सांगायला त्यांचं काय जातं! घरी येऊन मी भिंतीकडं बघत बसले. बारा तारांची, हैदराबादहून आणलेली. लाल रंगाची, विजेवर वाजणारी. मानेवर शिंपल्याची नक्षी असलेली. माझी पहिली, मधाच्या रंगाची. प्रत्येक गिटार घेताना मी दुकानात तिच्या भोकाशी नाक नेऊन वास घ्यायचे. दुकानदाराला वाटायचं, बाई लाकूड पारखतेय. मी रॉकेलचा वास शोधायचे, अण्णा. तो कुठल्याच गिटारीला नसायचा. मग काही दिवसांनी मी आणखी एक घ्यायचे.

तुम्ही तुळजापूरच्या एसटी डेपोतून तामलवाडीला घरी यायचात तेव्हा तुमचे हात कोपरापर्यंत काळे असायचे. दारातल्या दगडावर बसून ते आधी रॉकेलनं, मग साबणानं, मग नुसत्या पाण्यानं धुवायचात. नखं हुंगून बघायचात. एवढं सगळं झालं की आत जाऊन गिटार मांडीवर आडवी घ्यायची. सोलापूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेली ती जुनी गिटार. तिच्या मानेवर तुम्ही डेपोतला लोखंडाचा तुकडा घासून बसवला होता, तारा उचलल्या जाव्यात म्हणून. त्या दाबायच्या नव्हत्याच, वरून गुळगुळीत रॉड फिरवायचा. सूर असा घरंगळत यायचा की चुलीपुढं बसलेली आई भाकरी थापायची थांबायची. मलाही तो आवडायचा, हीच तर अडचण होती. पण माझा गालगुच्चा तुम्ही घ्यायचात तो दारात, हात धुवायच्या आधी. माझ्या गालाला ग्रीस चालायचं. गिटारीला चालायचं नाही. मी गालावरचा डाग पुसायला जायचे आणि तो आणखी पसरायचा.

आणि मग तो भाद्रपद. पितर पंधरवड्यात अष्टमीला देवी निद्रेला जायची. तुळजापुरात देवी तिच्या पलंगावर निजली, की आपल्याकडं माणसांनी गादी-पलंग सोडायचा, घटस्थापनेपर्यंत जमिनीवर निजायचं. हे आजूबाजूला बरेच लोक पाळतात. पण मोकळ्या झालेल्या पलंगावर गिटार निजवणारे तुम्ही एकटेच. "वर्षभर राबती बिचारी, तिला बी इसावा पायजे," असं म्हणून तुम्ही तिच्या तारा सैल करायला लावायचात आणि तिला गादीवर ठेवून वर चादर घालायचात. खाली सतरंजीवर तुम्ही, आई आणि मी. मला ओल्या जमिनीनं सर्दी व्हायची. नाक सुरसुर ओढत मी वर बघायचे, तर पलंगाच्या कडेवरून तिची मान बाहेर आलेली, तोऱ्यात. एका दुपारी तुम्ही डोळा लावून पडला होतात, तेव्हा मी हात वर करून तिची एक सैल तार ओढली. म्हशीनं उसासा टाकावा तसा आवाज झाला. तुम्ही उठून बसलात. "देवी झोपलीय, कळत न्हाय तुला? आन् हिला बी झोपू दे की!" देवीसाठी रागावला असतात तर मला काही वाटलं नसतं. तुम्ही तिच्यासाठी रागावलात.

तारा सैल करायचं काम माझं होतं. ते मला दिलंत कारण, तुमच्याच शब्दांत, "सैल कराया कान लागत न्हाय." घटस्थापनेच्या पहाटे त्या पुन्हा लावायचं काम मात्र दुसऱ्याचं. तो मुरूम गावचा एक पोरगा. डेपोत शिकाऊ म्हणून आलेला, मेंढरं राखणाऱ्याच्या घरचा. गाडीखाली झोपून नटबोल्ट आवळताना शीळ घालायचा, ती सुरात होती म्हणून तुम्ही त्याला सुट्टीच्या दिवशी घरी आणलंत. मग तो दर सुट्टीला यायचा. तुम्ही पेटीवर काळी दोन दाबून धरायचात, तो कान लावून खुंटी पिळायचा, आणि सूर जुळला की तुमचा चेहरा असा उजळायचा, तसा तो माझा पहिला नंबर आला तेव्हाही उजळला नव्हता. मी आत आईबरोबर घटाची माती चाळत असायचे. मातीतले खडे काढताना मला ऐकू यायचं, अजून जुळलेली नाही, किंचित खाली आहे. मी म्हणायचे नाही. कुणी विचारतच नव्हतं. थोड्या वेळानं तुम्ही त्याला म्हणायचात, "थोडी चढव," आणि मी चाळण जोरात आपटायचे.

मग तुमची छाती धरायला लागली, आणि एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर भिंतीवरची गिटारीची खुंटी रिकामी. आईनं सांगितलं, दिली त्याला. त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत गेलात, मुरूमच्या गाडीत तिला खिडकीची जागा धरून दिलीत. कंडक्टर ओळखीचा होता. मी कधी तुमच्याबरोबर गाडीनं गेले, तर इंजिनाच्या गरम पत्र्यावर बसवायचात. मी तुम्हाला आयुष्यात एकदाच विचारलं, "आणि मला?" तुम्ही उशीला टेकून होतात. म्हणालात, "तुला काय, तू कुठली बी वाजवशील. त्याला हीच पायजे." पुढं लवकरच तुम्ही गेलात. त्या वाक्याचं मी काय काय केलं म्हणून सांगू! चिडून कुठलीही वाजवली. सोलापूरच्या ऑर्केस्ट्रात एका वादकाच्या मागं लागून तारा दाबायची गिटार शिकले, तुमची आडवी नाही. नळदुर्गपासून उमरग्यापर्यंत गणपतीत आणि नवरात्रात वाजवली. लोक म्हणायचे, बाई काय वाजवती! मी टाळ्यांत मान खाली घालायचे आणि मनात म्हणायचे, मुरूमला ऐकू गेलं का?

बोटं गेल्यावर गिटारी काढायच्या ठरवल्या तेव्हा मला वाटलं, चला, सुटले. बारा तारांची नळदुर्गच्या एका ढाबेवाल्यानं नेली, त्याला ती गल्ल्यामागच्या भिंतीला टांगायची होती. लाल गिटार एका बँजो पार्टीत गेली. बाकीच्या शिकायला येणाऱ्या मुलींनी नेल्या. मधाच्या रंगाची तेवढी राहिली. पण जसजशी भिंत मोकळी व्हायला लागली, तसतशी मला तुमची गिटार जास्तच आठवायला लागली. ती दाबायची नाही, नुसता रॉड फिरवायचा. माझ्या या हातांनी आता तीच काय ती वाजेल. दुसऱ्या कुठल्याही गिटारीच्या तारा उचलून घेतल्या असत्या तरी चाललं असतं, ते मला कळतं. ती मधाच्या रंगाचीसुद्धा चालली असती. पण मला तीच हवी होती. या वयातही माझ्या पोटात तेच दुखत होतं.

आणि गेल्या आठवड्यात त्याचाच फोन आला. कुणाच्या तरी मोबाइलवर त्यानं माझ्या गिटारीचा फोटो बघितला होता. त्याच्या मुलीला दाबून वाजवायची गिटार हवी होती. आला तो मुलीला घेऊन, आणि पाठीला तुमची गिटार. केस पांढरे झालेत, शीळ तशीच आहे. दारातच म्हणाला, "ताई, पितरात खरेदी करत न्हायती. आमच्या घरचं मानत्यात. म्हनून पैसं न्हाय आनले, ही आनली. ही तुमी घ्या, ती आमाला द्या. अदलाबदलीला पितर काय म्हनत न्हायती."

मी लगेच हो म्हणायला हवं होतं, नाही का? मी म्हटलं, बसा, चहा घ्या. मला त्याच्याकडून आधी दुसरं काही हवं होतं. आपली गिटार समोर सतरंजीवर ठेवलेली, आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा माझ्याबद्दल काही बोलायचे का रे तुझ्यापाशी?" तुम्ही त्याला गुपचूप काही सांगितलं असेल, पोरीचा कान तयार आहे, किंवा असंच काहीतरी. इतकी वर्षं मी त्याच्यावर जळत आले, त्याच्याकडं माझी एवढी तरी ठेव असेल असं मला वाटत होतं. त्यानं खरंच आठवून बघितलं. मग म्हणाला, "खोटं कशाला बोलू ताई. तुमचा इषय कधी निघालाच न्हाय. आमचं आपलं गिटारीचंच चालायचं."

मी आत गेले आणि त्याच्या कपात साखर घातली नाही. मुद्दाम घातली नाही. त्यानं तो कडू चहा सगळा प्यायला आणि "लई झाक झालाय" म्हणाला, म्हणजे तेवढाही सूड मला धड साधला नाही.

बाहेर त्याची मुलगी माझी मधाच्या रंगाची गिटार घेऊन बसली होती. बोटं चुकत होती. त्यानं कप खाली ठेवला, तिच्यामागं बसला, आणि तिचं एकेक बोट धरून तारेवर ठेवायला लागला. हे इथं, हे इथं, आता दाब. मी बघत राहिले. माझी बोटं कुणी अशी धरली नाहीत, अण्णा. त्याला तुम्ही जे दिलंत ते तो मुलीला देत होता, आणि मला त्या कोवळ्या पोरीचा इतका हेवा वाटला की मी उगाच तिच्यावर खेकसले, "मनगट खाली घे आधी!" ती दचकली. मग तिनं मनगट खाली घेतलं, सूर मोकळा झाला, आणि ती माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, "मावशी, ही जुनी घिऊन टाका ना. पप्पांचं मन बदलायच्या आत घ्या. देवी झोपली की आमी समदे खाली, आन् ही महाराणी पलंगावर! तारा बी मलाच सैल कराया लावत्यात. लावताना मातर हात लावू देत न्हायती."

तो ओशाळून म्हणाला, "अण्णा सरांची पद्धत हाय बाळा ती." मी त्या मुलीकडं बघितलं आणि मला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. मुरूममध्ये, माझ्या नकळत, कुणीतरी जमिनीवर पडून याच गिटारीवर जळत होतं. मी म्हटलं, "झाली अदलाबदल. आणि घरी गेल्यावर पलंगावर तू झोपायचं." तो म्हणाला, "आवं ताई, देवीचं..." मी म्हटलं, "देवीचं राहू दे. तुम्ही झोपा की खाली, तुम्हाला कोण नाही म्हणतंय?" तुमच्या शिष्याशी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. तो "बरं" म्हणाला. जाताना गिटारीच्या पाया पडला, मग माझ्या. आधी तिच्या.

ती दोघं गेल्यावर दार लावून मी तुमच्या गिटारीच्या भोकाशी नाक नेलं. लाकडाचा वास होता, थोडा मेंढरांच्या लोकरीचा. रॉकेलचा काही नव्हता. इतक्या वर्षांत राहणार तरी कसा?

आज अष्टमी. देवी निद्रेला गेली. जेवणं झाल्यावर मी तुमच्या गिटारीच्या तारा सैल केल्या. खुंट्या आपोआप हाताला आल्या. तारा उतरताना कुठली कितीनं उतरली ते मला कळत होतं. सैल करायलाही कान लागतो, अण्णा, तेवढं तुम्हाला सांगायचं होतं. मग तिला उचलून पलंगावर ठेवलं, चादर घातली, आणि खाली सतरंजी अंथरायला वाकले, तर गुडघा कट्कन वाजला. तशीच अर्धी वाकलेली उभी राहिले. कडेवरून तिची मान बाहेर आली होती, तश्शीच.

मी चादर काढली. तिला उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि पलंगावर आडवी झाले. तुमचे जावई दारातून बघून गेले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते मला माहीत नाही. उद्या घडी करून गिटारीच्या भोकात सारीन म्हटलं, पण तिच्यात काही टाकलेलं तुम्हाला चाललं नसतं. तुमच्यावरचा राग गेला असं लिहून शेवट करणार होते. तसं काही झालेलं नाही. एवढं मात्र खरं, की पलंगावर मला डोळा लागेना. जमीन ओली होती. मग उठले, आईनं तुमच्या खाकी कपड्यांची शिवलेली वाकळ ट्रंकेतून काढली, ती खाली घातली आणि गिटार तिच्यावर ठेवली. तिच्याशेजारी जाऊन निजावं असं एकदा वाटलं. पण पलंग मी सोडला नाही.